मुद्दा क्रमांक चार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
विभागीय पोलीस ठाणे,
लालबाग, मुंबई.

अर्जदार : गंगाधर विठोबा तोरसकर, वय ७१, निवृत्त मुख्य लिपिक, राहणार कानडे चाळ, दुसरा मजला, खोली क्र. ३४.

विषय : मसाल्यातील भुकटीबाबत मोबाईलवर फिरत असलेला खोटा संदेश अर्जदाराने स्वतः लिहिला असल्याचे मान्य करून घेण्याबाबत, तसेच रविवार दि. ४ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता श्रीमती नलू मेस्त्री यांच्या जिवाला असलेल्या धोक्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने दि. २८ एप्रिल रोजी ठाण्यात येऊन तोंडी सांगितलेली हकिगत (नोंद झालेली नाही). २) सदर संदेशाचा अर्जदाराच्या हस्ताक्षरातील मसुदा, दि. ८ एप्रिल.

महोदय,

१. आपल्या टेबलावर रोज किती कागद येतात याची अर्जदाराला चांगली कल्पना आहे. त्याने स्वतः अडतीस वर्षे सरकारी कचेरीत कागदच हलवले. बरेचसे कागद चार दिवस पडून राहिले तरी कुणाचे काही बिघडत नाही, हेही त्याला ठाऊक आहे. हा कागद तसा नाही. आज शुक्रवार आहे आणि रविवारला मध्ये फक्त एक शनिवार उरला आहे. तरी हात जोडून विनंती, की समोर चहा आला असेल तर तो बाजूला ठेवावा आणि आधी हे वाचावे.

२. श्रीमती नलू सखाराम मेस्त्री, वय ६४, या अर्जदाराच्या शेजारी ३३ नंबरमध्ये एकट्या राहतात. मध्ये एकच भिंत, तीही अर्धी लाकडाची. मूळ गाव मालवणजवळ. यजमान गिरणीत होते, ते वारले त्याला एकोणीस वर्षे झाली. तेव्हापासून नलूबाई लोकांचे वर्षाचे मसाले करून देतात. मार्च लागला की मिरच्या आणायच्या, गच्चीवर वाळवायच्या, धणे-खसखस भाजायची, लालबागच्या डंखावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, उभे राहून सगळे कुटून आणायचे आणि किलोकिलोच्या पिशव्या बांधायच्या. चाळीस घरे त्यांच्या मसाल्यावर जेवतात. अर्जदाराची पत्नी सात महिने अंथरुणाला खिळली होती तेव्हा दोन्ही वेळचा डबा ३३ नंबरमधून आला, एका दिवसाचा खाडा नाही. पत्नी गेल्यावर तेराव्यापर्यंत चूल त्यांनीच सांभाळली. हे सगळे लिहिण्याचे कारण एवढेच, की अर्जदाराने कुणाचे वाटोळे केले आहे ते आपल्याला नीट कळावे.

३. आता गुन्हा सांगतो. दि. ८ एप्रिल, मंगळवार, दुपारी अर्जदाराच्या मोबाईलवर कुटुंबाच्या ग्रुपमध्ये एक संदेश आला. कुणीतरी कुठून तरी पुढे ढकललेला. पाच ओळी, एकही पूर्णविराम नाही, ऱ्हस्वदीर्घाचा आनंद. मतलब इतकाच, की गिरणगावात मसाला विकणाऱ्या काही बायका त्यात एक पावडर मिसळतात, तिने माणूस आतून पोखरतो, सावध राहा, पुढे पाठवा. बस्स. कुणाचे नाव नाही, गाव नाही, पुरावा नाही. एखाद्याने वाचून हसून सोडून दिला असता.

महोदय, असा कच्चा मजकूर समोर आला की अर्जदाराचे हात शिवशिवतात. हा रोग जुना आहे. नोकरीत असताना मोठमोठे साहेब आपले मसुदे त्याच्याकडे पाठवत आणि सांगत, तोरसकर, हे असे लिहा की उलट पत्र येता कामा नये. उलट पत्र न येणे हीच अर्जदाराची अडतीस वर्षांची कमाई. वाचणाऱ्याला कोणती शंका येईल ती आधीच ओळखायची आणि त्याच कागदात तिचे तोंड बंद करून टाकायचे. मजकूर खरा की खोटा हे बघणे लिपिकाचे काम नसते. मजकूर पक्का की कच्चा, एवढेच तो बघतो. त्या दुपारी पंख्याखाली बसून अर्जदाराने पाठकोरा कागद घेतला, लाल पेन घेतले आणि त्या पाच ओळींचे पाच मुद्दे केले.

४. ते मुद्दे जसेच्या तसे खाली दिले आहेत. सध्या आपल्याही मोबाईलवर ते आले असतील.

मुद्दा १ : काही महिला मसाल्यात एक विशिष्ट भुकटी मिसळतात.

मुद्दा २ : ओळख. उदाहरणार्थ, अशा महिला पिशवी बांधण्यापूर्वी तीत हिंगाच्या खड्यासारखी दिसणारी वस्तू टाकतात.

मुद्दा ३ : लक्षणे तत्काळ दिसत नाहीत. सुरुवातीची काही वर्षे माणूस नेहमीपेक्षा अधिक ठणठणीत वाटतो.

मुद्दा ४ : सदर भुकटी कोणत्याही तपासणीत आढळत नाही. सबब तपासणीचा अहवाल निर्दोष आल्यास गाफील राहू नये.

मुद्दा ५ : ज्यांना याची माहिती आहे ते दबावाखाली असल्याने उघडपणे इन्कार करतील, याची नोंद घ्यावी.

५. दुसऱ्या मुद्द्याबद्दल अर्जदार आपल्या पायाशी लोळण घेतो. मूळ संदेशात ओळख-बिळख काही नव्हती. पण मसुद्यात नुसते ‘काही महिला’ लिहून भागत नाही, एखादे उदाहरण लागतेच, ही सवय. आणि उदाहरण शोधायला अर्जदार कुठे लांब गेला नाही. भिंतीपलीकडे रोज जे दिसत होते तेच लिहिले. मसाल्याला कीड लागू नये म्हणून बरणीत हिंगाचा खडा टाकतात, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हल्लीच्या मुली घरी गेल्यावर खडा टाकायला विसरतात, मग जुलैत मसाल्यात पोरकिडे होतात आणि बोल नलूबाईंना लागतो. म्हणून त्या पत्र्याच्या डबीतला एक एक खडा स्वतःच प्रत्येक पिशवीत टाकून द्यायला लागल्या. अख्ख्या लालबागमध्ये असे करणारी दुसरी बाई अर्जदाराला माहीत नाही. शपथेवर सांगतो, लिहिताना त्यांचा चेहरासुद्धा डोळ्यांपुढे आला नाही. वाक्य चांगले बसले, एवढाच आनंद झाला.

६. मसुदा टाइप करून कुटुंबाच्या त्याच, अकरा जणांच्या ग्रुपवर टाकला आणि सून मेघना, जी दादरला असते, तिला वेगळा पाठवला. वर लिहिले, ‘खात्री नाही, पण काळजी घेतलेली बरी.’ नात ओवी साडेपाच वर्षांची आहे. तिच्या शाळेच्या दोनशे पालकांचा ग्रुप आहे. मेघनाने तिथे टाकला, वर तेच लिहिले, ‘खात्री नाही, पण काळजी घेतलेली बरी.’ नंतर अर्जदाराने तिला विचारले, अगं, तुला ते खरे वाटले का? ती म्हणाली, ‘बाबा, खरं वाटलं म्हणून नाही हो पाठवलं. पण समजा नाही पाठवलं आणि कुणाच्या मुलाला उद्या काही झालं, तर? पाठवायला काय जातं?’ अर्जदाराने स्वतःही नेमका हाच हिशेब केला होता. साहेब, त्या दोनशे पालकांत खरे मानणारे पाच-सहा निघाले तर पुष्कळ. बाकी सगळ्यांनी काळजीपोटी पाठवला. भल्या माणसांच्या हातूनच तो चर्नी रोडपासून भायखळ्यापर्यंत गेला.

शनिवारी, १२ तारखेला, तोच संदेश अर्जदाराकडे वेगवेगळ्या पाच ग्रुपांतून परत आला. खाली कुणीतरी जोडले होते, ‘एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याकडून खात्रीशीर.’ लाज वाटते, पण कबूल करतो. त्या दिवशी अर्जदाराला बरे वाटले होते. अनोळखी लोकांनी आपले वाक्य काना-मात्रा न बदलता पुढे पाठवले, याची ऐट वाटली. तो मिशीतल्या मिशीत हसला आणि चहा प्यायला.

७. मंगळवारी चाळीच्या मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. बारा सेकंदांचा. गच्चीवर नलूबाई उकिडव्या बसल्या आहेत, डबीतून काहीतरी काढून पिशवीत टाकतात, पिशवी बांधतात. वर लाल गोल काढलेला. खाली लिहिलेले, ‘मुद्दा २ पाहा.’

त्या संध्याकाळपासून पिशव्या परत यायला लागल्या. कुणी हातात दिली नाही. दारापुढे ठेवायची, कडी वाजवायची आणि निघून जायचे. नलूबाई दार उघडत, पिशवी उचलत, आत नेत. भिंतीतून सगळे ऐकू येते, साहेब. तिसऱ्या दिवसानंतर त्यांनी दार उघडणे सोडून दिले, तेव्हा पिशव्या रात्रीपर्यंत दाराला टेकून राहू लागल्या.

८. पण बाई हिंमतीच्या. कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी एक पिशवी सीलबंद करून प्रयोगशाळेत दिली, स्वतःच्या पदरचे पैसे भरून. १९ तारखेला अहवाल आला. भेसळ नाही, रंग नाही, सगळे ठीक. तो कागद त्यांनी खालच्या फलकावर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली निळ्या पेनाने कुणीतरी लिहिले होते, ‘सबब तपासणीचा अहवाल निर्दोष आल्यास गाफील राहू नये.’ अर्जदाराने आपले वाक्य लगेच ओळखले.

मग त्यांनी सगळ्यांदेखत जिन्यात उभे राहून स्वतःचा मसाला हातावर घेऊन कोरडाच खाल्ला. डोळ्यांतून पाणी आले, ठसका लागला, पण खाल्ला. म्हणाल्या, ‘बघा, एकोणीस वर्सां हाच खातंय, माका काय झाला?’ गर्दीतून एक बाई शांतपणे म्हणाली, ‘तेच तर. ठणठणीत वाटतं आधी.’ मुद्दा तीन.

गुरुवारी, २४ तारखेला, तळमजल्यावरचे दगडू घाडी वारले. वय ८६, दोनदा हृदयाचा झटका येऊन गेलेला, विडी शेवटपर्यंत सुटली नाही. मसाला नलूबाईंचा खात. मयताला आलेल्यांपैकी चौघांनी अर्जदाराला बाजूला घेऊन हळूच विचारले, काका, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला काय वाटतं? जे मेले ते मसाल्याने मेले, आणि जे जिवंत आहेत त्यांची अजून वर्षे भरायची आहेत. या दोन्हींमधून निसटणारा माणूस कानडे चाळीत तरी कुणी नाही. असा मसुदा अर्जदाराच्या हातून उभ्या नोकरीत झाला नव्हता.

९. अर्जदार गप्प बसला असे समजू नये. त्याने आधी खुलासा काढला. चौदा ओळींचा, नम्र, मुद्देसूद. सदर संदेश निराधार असून कोणीही विश्वास ठेवू नये, वगैरे. अकरा जणांना पाठवला. पुढे पाठवला एकट्याने, तोही वर हसरा चेहरा लावून. खरी गोष्ट वाचून कुणाच्या पोटात गोळा येत नाही, मग ती कुणाला पाठवायची कशाला, असे लोकांचे होत असावे. एका भाच्याने तर उत्तरादाखल मुद्दा पाचच चिकटवला.

मग रविवारी, २७ तारखेला, मंडळाच्या बैठकीत अर्जदार उभा राहिला. त्याने मसुद्याचा मूळ कागद वर धरला आणि स्पष्ट सांगितले, हे मी लिहिले, माझ्या हाताने लिहिले, यात काडीचे तथ्य नाही, नलूबाईंची माफी मागा. मग मंडळाचा सेक्रेटरी विनीत उठला. वयाने तिशीचा, चांगला मुलगा आहे, अर्जदाराच्या पत्नीला त्याने चार वेळा हातावर उचलून खाली गाडीत नेले होते. तो जवळ आला, अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, ‘काका, कोणी दम दिला तुम्हाला? नाव सांगा फक्त. आम्ही आहोत ना. टेन्शन नका घेऊ.’ हॉलमध्ये टाळ्या पडल्या. अर्जदार ओरडून सांगत राहिला, अरे, दम नाही रे, मीच तो गाढव! तसतशा बायका हळहळायला लागल्या, बघा बिचाऱ्याला किती घाबरवलंय. हस्ताक्षराचा कागद दाखवला तर म्हणे, तो मागाहून लिहून घेतलाय. त्या दिवसापासून मंडळाची दोन मुले अर्जदाराच्या दाराबाहेर स्टुलावर बसतात. त्याच्या संरक्षणासाठी. तिथून नलूबाईंचे दारही दिसते.

१०. सोमवारी अर्जदार आपल्या ठाण्यात आला. ड्युटीवरच्या बाईंनी चांगले बसवले, पाणी दिले. तक्रार कुणाविरुद्ध, असे विचारले. अर्जदाराने सांगितले, माझ्याविरुद्ध. मग फिर्यादी कोण? तोही मीच. बाईंनी पेन खाली ठेवले. तरी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘काका, पावडर नाही हे दाखवायचं कसं पण? तुम्हीच लिहिलंय ना, तपासणीत येत नाही म्हणून.’ त्यांचे काही चुकले असे अर्जदाराचे म्हणणे नाही. फक्त निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘पण काका, खरंच काही नसतं ना? आमच्याकडे पण लालबागचाच मसाला आहे, आणि बाळ आत्ता कुठे वरणभात खायला लागलंय.’ महोदय, अर्जदार तेव्हा खरा घाबरला. तोवर त्याला वाटत होते की कुठेतरी एक खुर्ची असेल, जिथे ही गोष्ट येऊन थांबेल.

आणि एक गोष्ट लिहायची राहिली. अर्जदाराच्या घरी नलूबाईंच्या मसाल्याची बरणी आहे. मार्चमध्येच भरून दिलेली. भुकटी नावाची वस्तू अस्तित्वात नाही, ती त्याने स्वतः पंख्याखाली बसून पक्की केली, हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तरी परवा आमटीत मसाला टाकताना चमचा हवेत थांबला. आमटी तशीच पांढरीफटक खाल्ली.

११. बुधवारी, ३० तारखेला, नलूबाई स्वतः अर्जदाराकडे आल्या. स्टुलावरच्या मुलांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळून आत सोडले. चाळीत कुणाला काहीही अर्ज करायचा असला, पाण्याचा, रेशनचा, पेन्शनचा, तर तो अर्जदाराकडेच येतो. त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘भावजी, माझ्यासाटी पोलिसांक एक अर्ज लिवन देवा. माका भय वाटता.’ एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. अर्जदाराने कागद पुढे ओढला, प्रति लिहिले, विषय लिहिला, महोदय लिहिले. पुढे ‘अज्ञात इसमाने’ असे लिहायची वेळ आली आणि पेन चालेना. प्रकृतीचे कारण सांगून त्याने त्यांना परत पाठवले. तो अर्धा कागद सोबत जोडला आहे.

काल, महाराष्ट्र दिनी, सकाळी झेंडावंदन चालू असताना मोटारसायकलवरून दोन माणसे आली. चाळीतली नव्हेत, लालबागचीही नव्हेत. एक रे रोडचे नाव घेत होता. खालच्या पानवाल्याला विचारले, ती हिंगवाली कुठल्या माळ्यावर? वर येऊन ३३ नंबरच्या दाराचा फोटो काढला. दार आतून बंद होते. ते दोघे अर्जदाराला नमस्कार करून गेले. दुपारी संदेशाची नवी आवृत्ती आली. पाच मुद्दे तसेच. खाली दाराचा फोटो, चाळीचे नाव, मजला. आणि सहावा मुद्दा, जो अर्जदाराचा नाही: ‘रविवार ४ मे, सकाळी १० वाजता सर्वांनी जाब विचारण्यासाठी जमावे. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी अवश्य यावे. येताना मसाल्याची पिशवी आणावी. ती तिलाच सगळ्यांसमोर खायला घालू, पूर्ण.’

एक किलोची पिशवी असते, साहेब. आणि चाळीस घरे आहेत.

१२. रिवाजाप्रमाणे इथे अर्जदाराने आपली मागणी मांडायची असते. काल दुपारपासून तो तेच करत बसला आहे. प्रत्येक मागणी लिहितो आणि खोडतो, कारण पुढचा मुद्दा काय येईल ते त्याला आधीच दिसते. त्याचे अख्खे आयुष्य त्यातच गेले आहे.

दारावर पोलीस बसवावेत, असे लिहिले. खोडले. लोक म्हणतील, पोलीसही सामील.

नलूबाईंना दोन दिवस वरळी कोळीवाड्यात त्यांच्या बहिणीकडे हलवावे, असे लिहिले. खोडले. म्हणतील, बघा, पळाली.

सरकारी प्रयोगशाळेतून पुन्हा तपासणी करावी, हे तर अर्धेच लिहिले.

अर्जदाराला बेड्या घालून चाळीच्या चौकातून न्यावे, असे लिहिले, आणि हे मात्र मनापासून लिहिले. तेही खोडले. विनीत आणि मुले गाडीपुढे आडवी पडतील, खरे बोलणाऱ्याला अटक म्हणून. शेवटी रात्रभर डोक्याला हात लावून एक मागणी सुचली ती अशी: नलूबाईंवर एखादा बारकासा, खराखुरा गुन्हा दाखल करावा. वजनकाट्यावर शिक्का नाही, परवाना नाही, काहीही. पाचशे रुपये दंड करावा, पावती फलकावर लावावी. दिसणारा गुन्हा दंड भरला की संपतो. लोकांच्या हाताला काहीतरी लागेल, ते घेऊन घरी जातील. निरपराध बाईवर केस करा म्हणून विनवणी करण्याची पाळी अर्जदारावर आली आहे, यावरून त्याच्या मनाची अवस्था ओळखावी. ही मागणी त्याने खोडलेली नाही. शक्य असेल तर करावी. नसेल तर लोक काय म्हणायचे ते म्हणोत, पण साडेनऊला आपण स्वतः यावे, गणवेशात यावे, आणि त्या दारात उभे राहावे. भुकटी नाही हे सिद्ध करू नये, कुणाला ते जमणार नाही. फक्त पिशवी घेऊन पुढे येणारा हात धरावा.

१३. एवढे लिहून झाल्यावर आज सकाळी अर्जदाराने ठरवले, की आपल्या पायावर डोके ठेवण्याआधी ज्यांच्या पायावर ठेवायला हवे त्यांच्या पायावर ठेवावे. स्टुलावरची मुले नाश्त्याला गेलेली बघून त्याने ३३ नंबरची कडी वाजवली. ‘मी तोरसकर’ असे तीन वेळा सांगितल्यावर दार उघडले. आत भिंतीला टेकून परत आलेल्या पिशव्या माणसाच्या कमरेइतक्या रचल्या होत्या आणि नलूबाई जमिनीवर बसून एकेक पिशवीचे नाव वाचून चाळीच्या क्रमाने लावत होत्या. अर्जदाराने लाल पेनाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि हात जोडून सगळे सांगितले, काही लपवले नाही. ऐटीत चहा प्यायल्याचेसुद्धा सांगितले. सांगता सांगता तो लहान मुलासारखा रडला.

नलूबाईंनी कागद हातात घेतला, अक्षर ओळखले. मग उठून दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहिले, जवळ येऊन बसल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, ‘भावजी, तुमी असां लिवचे नाय. माका म्हायत आसा. तुमकापण कोणीतरी दम दिल्यान मां? भियाव नकात. मी कोणाक सांगणंय नाय.’

पुन्हा पुन्हा सांगितले. त्या मान हलवत राहिल्या आणि अर्जदाराची पाठ थोपटत राहिल्या.

सबब, ज्यांचा गुन्हा केला त्यादेखील ऐकायला तयार नाहीत. आपण ऐकावे, ही विनंती.

सोबत : १) लाल पेनाने केलेला मूळ मसुदा. २) प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत, खाली निळ्या पेनाने लिहिलेल्या ओळीसह. ३) श्रीमती मेस्त्री यांच्या वतीने सुरू केलेला, अपुरा राहिलेला अर्ज.

रविवारी पहाटेपासून ३३ नंबरच्या उंबऱ्यावर पाट टाकून आपली वाट पाहणारा,
आपला नम्र आणि गुन्हेगार,

(सही)
गंगाधर विठोबा तोरसकर
लालबाग, मुंबई
शुक्रवार, दि. २ मे २०२५